डब्यात बसवलेला आवाज

सुटी, लोंबकळती वस्तू दिसली की दादांचं डोकं फिरत असे. त्यांच्या सुतारकामाच्या कारखान्यात पटाश्या भिंतीवर आपापल्या खाचेत, क्लॅम्प उंचीप्रमाणे खुंट्यांवर आणि पेन्सिल कानावर. चहाचा कप ठेवायलासुद्धा त्यांनी बाकाच्या कोपऱ्यात गोल खळगा कोरून घेतला होता. वहिनींनी कधी मुद्दाम कप दोन बोटं बाजूला ठेवला, तर तो उचलून खळग्यात बसवल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घोट उतरत नसे. वस्तू जागच्या जागी हवी आणि घट्ट हवी, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. त्यावर तीस वर्षं त्यांची दारं, खिडक्या आणि स्वयंपाकघराची कपाटं बिनबोभाट चालली होती.

कॉम्प्युटर वहिनींच्या हट्टाने आला. कारखान्याच्या पुढच्या बाजूला काचेची छोटी खोली होती, तिथे त्या बसायच्या. गिऱ्हाइकांचे फोन, नकाशे, मापं, मेल, सगळं त्यांच्याकडे. दादांनी मशीनला हात लावायचा तो फक्त सकाळी चालू करायला. चालू केलं की ते रोज एक चौकट दाखवायचं, अपडेट करायचं आहे म्हणून. त्यात वेळ जातो असं एकदा अनुभवल्यापासून दादा ‘नंतर’वर बोट ठेवून मोकळे व्हायचे. पासवर्ड दादांनीच ठरवला होता, दाराचं नेहमीचं माप, आणि तोही विसरायला नको म्हणून सुतारी पेन्सिलीने भिंतीवर लिहून ठेवला होता.

चार दुकानं सोडून कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक जण होता. कोणतंही मशीन उघडलं की तो आधी तोंड पाडायचा, म्हणून त्याला सगळे डॉक्टर म्हणत. त्यानेच सगळ्या फायलींची दुसरी प्रत ठेवायला एक छोटी डिस्क आणून दिली. पहिल्याच महिन्यात ती टेबलावरून पडली आणि गेली. फार काही बुडालं नाही, पण दादांना आपल्या कारखान्यात एखादी वस्तू पडून फुटली हेच सहन होईना. नवी डिस्क आली त्या संध्याकाळी त्यांनी तिच्या मापाचा सागवानी डबा केला, कोपरे खाचा पाडून जुळवले, वायरीसाठी मागे भोक घेतलं, आणि चार पितळी स्क्रू मारून तो टेबलाच्या बुडाला कायमचा बसवून टाकला. वायरसुद्धा पट्ट्या ठोकून पक्की केली. डॉक्टर बघतच राहिला.

“दादा, काम झकास आहे,” तो म्हणाला, “पण ही डिस्क अशी कायम लावून नाही ठेवायची. आठवड्यातून एकदा लावायची, प्रत काढायची, आणि काढून घरी न्यायची. मशीनला काही झालं तर हिलाही होईल ना.”

“आता भूकंप आला तरी पडणार नाही,” दादा म्हणाले.

“पडण्याचं नाही म्हणत मी.”

“मग चोरून नेईल कोणी? त्याला आधी टेबल उचलावं लागेल.”

डॉक्टरने हात टेकले. वहिनी आत हसत होत्या. त्यांचं हसणं करवतीच्या मशीनवरून ऐकू यायचं, एवढा त्यांचा आवाज खणखणीत. अर्धी गिऱ्हाइकं दादांना चेहऱ्याने ओळखत नव्हती, पण फोनवरच्या वहिनींना ओळखत होती. दार उशिरा मिळणार असलं तरी वहिनी ते अशा काही थाटात सांगायच्या, की समोरच्याला आपल्यालाच घाई झाल्याची लाज वाटावी.

मग वहिनींच्या घशात गाठ निघाली.

दवाखान्यात सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. तिथे वाचा-उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, ऑपरेशनला तीन आठवडे आहेत, तेवढ्यात आवाज साठवून ठेवा. ठरावीक सोळाशे वाक्यं स्वच्छ, शांत जागी म्हणायची. पुढे त्यावरून एक यंत्र तयार करता येतं. टाइप केलं की ते तुमच्याच आवाजात बोलतं.

दादांनी लाकडाच्या कोठीत गोधड्या आणि जाड फळ्यांची एक लहानशी खोली उभी केली, आतून इतकी शांत की स्वतःच्या कानात गुणगुण ऐकू यावी. वहिनी रोज दोन तास आत बसायच्या. “आज हवा कोरडी आहे.” “मला दुसरा रंग दाखवा.” “पुढच्या वळणावर डावीकडे जा.” असली वाक्यं वाचून त्या कंटाळल्या आणि सोळाशे संपल्यावर त्यांनी आपल्या मनाची दोनशे आणखी भरली. “पायाचा भुसा झटकून आत या.” “मी रागावलेले नाही, दमलेय.” “अहो, चष्मा कपाळावर आहे तुमच्या, कपाटात काय शोधताय?” शेवटच्या दिवशी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “घ्या, आता तुमची सुटका नाही.” सगळ्या फायली कॉम्प्युटरवर चढल्या आणि आपोआप डब्यातल्या डिस्कवरही गेल्या. बाईंनी एक प्रत दवाखान्यात द्यायला सांगितली होती. दादा म्हणाले, दोन ठिकाणी आहे की, यंत्र करायचं ठरलं की देऊ.

ऑपरेशन झालं, आणि वहिनींनी यंत्राचं नाव काढू दिलं नाही. गळ्याला भोक, आरशात बघवेना, आणि वर तो मेलेला आवाज डब्यातून बोलवायचा? नको म्हणजे नको. त्यांनी हाताएवढी पांढरी पाटी आणि काळं पेन घेतलं. मेल त्याच बघत, पण फोन वाजला की त्याच्याकडे पाठ करून बसत. दादांनी सात महिने एका शब्दानेही आग्रह केला नाही. त्याबद्दल त्यांचं सगळ्यांनी कौतुक केलं. आग्रह का केला नाही याचं एक कारण मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. ते आपण थोड्या वेळाने बघू.

गेल्या आठवड्यात अचानक वहिनींनी पाटी पुढे केली. लिहिलं होतं: “मला फोन उचलायचाय.”

दादांना आधी कळेना, मग कळलं, आणि ते लाकडाच्या कोठीत जाऊन दहा मिनिटं बाहेर आले नाहीत. वाचा-उपचाराच्या बाईंनी गुरुवारची वेळ दिली. येताना आवाजाच्या फायली घेऊन या, म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी दादा एका लांब फळीवर होते. कानांवर आवाज अडवणारे जाड हेडफोन, चष्मा कपाळावर, करवत चालू. कोणीतरी बाजूला उभं आहे असं वाटलं. वहिनी होत्या, पाटी धरून. फळी अर्धी कापली गेली होती, तिथे थांबलं तर कडा खराब होते. दादांनी पाटीकडे पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा फळीकडे वळले. वहिनी गेल्या. अर्ध्या तासाने चहा घेऊन आल्या, कप खळग्यात ठेवला, अंगठा वर करून भुवया उंचावल्या. दादांनी घोट घेतला. चहा चांगला झाला होता. त्यांनीही अंगठा वर केला.

दुपारी दीड वाजता वहिनी खुर्चीत मागे टेकून डुलकी काढत होत्या. दादा रोजच्यासारखे शेजारी येऊन कॉम्प्युटरसमोर बसले, छोटे इअरफोन कानात घातले आणि नेहमीची एक फाईल उघडायला गेले. उघडेना. दुसरी उघडेना. प्रत्येक नावाला मागे कसलंतरी अगम्य शेपूट चिकटलेलं. दारांचे नकाशे, मापं, बिलं, सगळ्यांना तेच. मग पडदाभर लाल पाटी आली. तुमच्या फायली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी असेल तर या पत्त्यावर लिहा, असा मजकूर. दादांनी तो तीनदा वाचला. मग त्यांनी डॉक्टरला फोन लावला.

डॉक्टर धावत आला. आल्या आल्या त्याने भिंतीतून इंटरनेटची वायर उपटली आणि मग खाली वाकून डब्यातली वायर बघितली. मागच्या भोकातून डिस्कचा छोटा हिरवा दिवा लुकलुकताना दिसत होता. तो तसाच गुडघ्यांवर बसून राहिला.

“डब्यात आहे ना सगळं?” दादांनी विचारलं. “डबा तर शाबूत आहे.”

“डब्याला काय धाड भरलीय,” डॉक्टर म्हणाला. “दादा, डिस्क जोडलेली होती. जे जे जोडलेलं होतं ते सगळं त्याने कुलूपबंद केलं. काढून घरी ठेवली असती तर…” त्याने वाक्य सोडून दिलं.

त्याने आपल्या मशीनवरून त्या लोकांच्या पत्त्यावर लिहून पाहिलं. वहिनींनी आधीच पाटीवर लिहिलं होतं, जे मागतील ते देऊ. मिनिटभरात मेल परत आला. तो पत्ताच बंद झाला होता. कोणीतरी त्यांना पकडलं असेल, किंवा गाशा गुंडाळून ते पुढे गेले असतील. कुलूप घालणारा किल्ली घेऊन निघून गेला होता, आणि आता विकत घ्यायलाही समोर कोणी उरलं नव्हतं.

“उघडता येणारच नाही?” दादा म्हणाले.

“कधीतरी एखाद्या कुलपाची किल्ली सापडते, पण याची अजून नाही. डिस्क जपून ठेवा. पण मी खोटी आशा दाखवणार नाही.”

फोनमध्ये कुठेकुठे वहिनींचा आवाज होता, नाही असं नाही. कोणाच्या तरी वाढदिवसाला टाळ्यांच्या मागून आलेला एखादा शब्द, एखादं अर्धवट हसू. फोटो काढणाऱ्या नेहमी त्याच असायच्या. तेवढ्यातून यंत्र होत नाही, हे वाचा-उपचाराच्या बाईंनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं.

डॉक्टर शोधत शोधत सकाळच्या एका मेलपाशी पोचला. मेल आर्किटेक्ट बाईंच्या नावाने होता. या बाई दादांना दहा वर्षं काम देत आल्या होत्या. ‘स्वयंपाकघराचा बदललेला नकाशा, आजच बघा.’ डॉक्टरने बाईंना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

“अहो, सकाळपासून घसा सुकलाय माझा,” बाई म्हणाल्या. “माझा मेल कोणीतरी ताब्यात घेतला. एकेकाला फोन करून सांगतेय, माझ्या नावाने काही आलं तर उघडू नका. तुमच्याकडे दोनदा केला. कोणी उचललाच नाही.”

डॉक्टरने फोन ठेवला आणि सवयीने, जे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, तेच बोलून गेला.

“तेच तर असतं वहिनी. ओळखीच्या नावाने येतात हे. शंका आली तर काही नाही, सरळ एक फोन करून विचारा…”

मग त्याचं त्यालाच कळलं. तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला आणि खाली बघून वायरी गुंडाळायला लागला, ज्या गुंडाळायची काही गरज नव्हती.

वहिनींचा चेहरा शांत होता. त्यांनी पाटी घेतली, सावकाश लिहिलं आणि डॉक्टरपुढे धरली. डॉक्टरने मोठ्याने वाचलं, कारण आता काहीतरी बोलणं त्याला भाग होतं.

“‘शंका आली होती. बाईंचा फोन येऊन गेलेला दिसला, मग मेल दिसला. वाटलं त्यासाठीच फोन असेल. पण फाईल पासवर्ड मागत होती आणि तो मेलमध्येच दिला होता, विचित्र वाटलं. यांना पाटी दाखवली. तुम्ही फोन करून विचारा म्हटलं. हो म्हणाले. नंतर विचारलं, झालं का. झालं म्हणाले. मग उघडली.’”

डॉक्टरने दादांकडे पाहिलं. वहिनींनीही पाहिलं, आणि त्यांच्या नजरेत आरोप नव्हता. त्यांना खरोखर वाटत होतं की दादांनी फोन केला असेल, लागला नसेल, किंवा बाईंशी बोलण्यात काही गफलत झाली असेल. नवऱ्याने मान हलवली म्हणजे हो म्हटलं, अंगठा वर केला म्हणजे झालं. एवढा साधा हिशोब होता त्यांचा.

दादांना त्या क्षणी खोटं बोलता आलं असतं. लाइन लागली नाही, एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण त्यांना ती पांढरी पाटी आठवली, सकाळची. पाटीवर काळं काहीतरी होतं, एवढंच आठवलं. चष्मा कपाळावर होता. त्यांनी ती वाचलीच नव्हती.

“मी वाचलं नाही,” दादा म्हणाले. “फळी अर्ध्यात होती. मी नुसती मान हलवली.”

वहिनींनी पाटी पुसली. लिहिलं: “आणि अंगठा?”

“मला वाटलं चहाचं विचारतेस.”

हे दुसऱ्या कोणत्याही दिवशी घडलं असतं तर वहिनी हसल्या असत्या, खांदे हलवत, आवाजाशिवाय. वर्षभर पुरला असता हा किस्सा. आज त्यांनी फक्त पाटीकडे पाहिलं. आणि दादांना वाटलं की बहुतेक आता तिच्या डोक्यात गेल्या सात महिन्यांच्या सगळ्या पाट्या येत असतील, आणि आपण हलवलेल्या सगळ्या माना. खरं म्हणजे त्या त्यांच्या स्वतःच्याच डोक्यात येत होत्या. सुरुवातीला ते प्रत्येक पाटी वाचायचे. मग काम थांबवून, चष्मा खाली ओढून, हात पुसून वाचायचा कंटाळा यायला लागला. बहुतेक पाट्यांवर जेवायला चला, नाहीतर अमुक आलाय असंच असतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. मान हलवली की ती जाते, हे त्यांना ठाऊक झालं होतं. यात दुष्टावा नव्हता, पण तिच्यासाठी त्याने फरक पडत नव्हता.

डॉक्टरला तिथून पळून जायचं होतं. जाता जाता काहीतरी दिलासा द्यावा म्हणून तो गाणी वाजवायच्या प्रोग्राममध्ये शिरला. “थांबा हं, कधीकधी यात अलीकडे वाजवलेल्या फायलींची तात्पुरती प्रत राहते,” तो म्हणाला. प्रती नव्हत्या. नुसती यादी होती, नावं आणि वेळा. “हे बघा, आवाजाचं हे फोल्डर तर रोज उघडलंय. दुपारी दीड, दीड, एक पस्तीस, दीड…” तो खाली खाली जात राहिला. “महिनोन्‌महिने. वहिनी, तुम्ही ऐकायचात?”

वहिनींनी नाही अशी मान हलवली.

हेच ते कारण, जे दादांनी कोणाला सांगितलं नव्हतं. जेवण झालं, वहिनींचा डोळा लागला, की ते अर्धा तास इअरफोन घालून बसायचे. हवा कोरडी आहे. पुढच्या वळणावर डावीकडे जा. मी रागावलेले नाही, दमलेय. त्यांना आग्रह करायची घाई नव्हती, कारण त्यांच्यापुरता आवाज होता. रोज मिळत होता, जागच्या जागी, घट्ट बसवलेला. त्याचं कधी यंत्र झालं काय आणि न झालं काय.

डॉक्टर गेला. डबा राहू दे की काढू, असं त्याने दारातून विचारलं तेवढंच. बाहेर शेजारच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढल्याचा आवाज आला. गुरुवारची वेळ रद्द करायला हवी होती, आणि तो फोन दादांनाच करावा लागणार होता.

वहिनींनी लिहिलं: “रोज?”

“रोज,” दादा म्हणाले.

त्यांनी पुसलं, पुन्हा लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच गोल, नीटस होतं. दादांनी या वेळी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पाटी दोन्ही हातांनी धरून वाचली.

“मी शेजारीच बसलेली असायचे.”

दादांनी तोंड उघडलं. पाठ असलेलं तेवढंच बाहेर आलं. “अहो, चष्मा कपाळावर आहे तुमच्या,” ते म्हणाले. “पायाचा भुसा झटकून आत या. घ्या, आता…” शब्द एकूण एक बरोबर येत होते, पण त्यांच्याच घोगऱ्या, भुशाने भरलेल्या आवाजात. त्या शब्दांखाली तिचा आवाज लागेल म्हणून ते थांबून थांबून आठवत होते, आणि तो लागत नव्हता. वहिनींनी हात पुढे करून त्यांच्या तोंडावर ठेवला. रागाने नाही. पुरे, एवढंच.

मग त्यांनी पाटी आपल्याकडे घेतली आणि बाहीने पुसली. दादा चष्मा सावरून पुढे वाकले. करवत बंद होती, कान मोकळे होते, काही घाई नव्हती. तिने पानभर लिहिलं असतं तरी त्यांनी अक्षर न अक्षर वाचलं असतं. ते वाट बघत राहिले.

वहिनींनी पेनाला टोपण लावलं, पाटी डब्यावरच्या टेबलावर उलटी ठेवली आणि त्या चहाचा कप विसळायला आत गेल्या.